व्हॉल्व्हमधून काय वाहणार आहे, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भोसरी एमआयडीसीत वडिलांनी उभा केलेला व्हॉल्व्हचा कारखाना आता तुम्ही चालवता. आजवर माल देशातच जायचा. आता दुबईतल्या एका ट्रेडरकडून पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) लायनिंगच्या बॉल व्हॉल्व्हची इन्क्वायरी आली आहे. दीड इंची चाळीस नग, दोन इंची वीस. भाव फारसा न पाडता निम्मे पैसे आगाऊ द्यायची तयारी आहे. तुमचा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, म्हणतो, मालाच्या वर्गीकरणाचा एचएस कोड ८४८१, साधे व्हॉल्व्ह, काही लागत नाही. एक सॉफ्टवेअरवाला म्हणतो, वर्षाची वर्गणी भरा, आमचं एआय सगळं तपासून देईल. आणि शेवटी तुम्ही जरा वैतागून विचारलंय, की शस्त्रप्रसार रोखण्याची ही नवी तंत्रज्ञानं आणि हे कायदे खरोखर काही रोखतात का, की आमच्यासारख्या छोट्यांच्या मागे नुसता कागदांचा ससेमिरा?

मी आधी बारा वर्षं अंबरनाथच्या एका पंप कारखान्यात एक्स्पोर्ट डिस्पॅच सांभाळला आणि त्यानंतर सोळा वर्षं निर्यात परवान्यांचंच काम करतोय. तेव्हा वैताग मला कळतो.

आधी तातडीचं. तुमचा सीएचए चुकतोय, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. शिपिंग बिलावर बरोबर कोड टाकणं हे त्याचं काम. पण ८४८१ मध्ये मोरीतल्या नळाची तोटीही येते आणि तुमचा लाइन्ड व्हॉल्व्हही येतो. नियंत्रित मालाची यादी वेगळी, तिला आपण स्कोमेट म्हणतो. त्यात रसायनं, सूक्ष्मजीव, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान असं सगळं आहे. ती यादी कोडवर चालत नाही, मालाच्या गुणधर्मांवर चालते. तिच्या तिसऱ्या कॅटेगरीत रासायनिक उत्पादनाची उपकरणं आहेत. तिथली अट ऑस्ट्रेलिया ग्रुप या देशगटाच्या यादीतून आलेली आहे. व्हॉल्व्ह १० मिलिमीटरहून मोठा असेल आणि आतल्या द्रवाला लागणारा सगळा पृष्ठभाग फ्लोरोपॉलिमर, काच, टँटलम, टायटॅनियम, झिर्कोनियम किंवा भरपूर निकेल असलेल्या मिश्रधातूचा असेल, तर तो नियंत्रित. पीटीएफई हे फ्लोरोपॉलिमरच. तुमचा दीड इंची व्हॉल्व्ह त्यात सरळ बसतो. नुसती बॉडी किंवा तयार लायनर सुटा पाठवलात तरी तेच.

आता, असा साधा व्हॉल्व्ह शस्त्रांच्या यादीत का? सरीनसारखे विषारी वायू ज्या रसायनांपासून बनतात ती, आणि बनताना सुटणारी आम्लं, साध्या पोलादाला खाऊन टाकतात. पाइपलाइन आठवड्यात गळायला लागते. ती टिकवायची तर लायनिंग हवं. पण असली आम्लं तारापूर-बोईसरच्या, लोटे-परशुरामच्या रंग, औषध आणि कीटकनाशकांच्या कारखान्यांतही रोज वाहतात, आणि तिथे तुमचे व्हॉल्व्ह वडिलांच्या काळापासून जात असतील. वस्तू तीच. १९८०च्या दशकात इराण-इराक युद्धात इराकने रासायनिक अस्त्रं वापरली, तेव्हा तपासात निघालं की कच्ची रसायनं आणि उपकरणं युरोप-अमेरिकेतल्या नेहमीच्या व्यापारातूनच गेली होती. त्यावरून १९८५ साली ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने हा गट बसला. भारत त्यात जानेवारी २०१८ मध्ये गेला आणि आपली यादी त्यांच्या यादीशी जुळली. तुमच्या सीएचएच्या डोक्यात कदाचित त्याआधीचा काळ आहे.

म्हणजे परवाना लागतो. मिळतोही. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अर्ज करायचा, मालाचा तांत्रिक तपशील जोडायचा, आणि खरेदीदार, मधला ट्रेडर आणि प्रत्यक्ष वापरणारा या प्रत्येकाकडून माल कशासाठी आणि कुठे वापरणार याचं लेखी प्रमाणपत्र आणायचं. अर्ज दिल्लीतल्या आंतरमंत्रालयीन गटापुढे जातो. परराष्ट्र खातं, अणुऊर्जा विभाग, डीआरडीओ अशी मंडळी तिथे बसतात. डिलिव्हरीची तारीख सांगताना यासाठी महिना-दोन महिने हाताशी ठेवाच. ठराविक देशांना काही रसायनं आणि संबंधित उपकरणं पाठवायची तर एकदाच घ्यायच्या सामान्य परवानगीची सोय आता झाली आहे. पण माल ट्रेडरमार्फत कुठे जाणार हेच माहीत नसेल तर तिचा विचार आता करू नका.

समजा, त्याने उद्या सांगितलं की पीटीएफई नको, साधा स्टेनलेस स्टीलचा द्या. माल यादीबाहेर गेला. मग पाठवायला मोकळे का? इथेच बहुतेक जण घसरतात. आपल्या २००५ च्या कायद्यात, म्हणजे सामूहिक संहाराची शस्त्रं आणि त्यांच्या वाहक प्रणालींबाबतच्या कायद्यात, यादीबाहेरच्या मालालाही पकडणारी तरतूद आहे. माल अशा शस्त्राच्या कामाला जाणार हे माहीत असताना पाठवला, तर यादीत नव्हता ही सबब चालत नाही. हा कायदा आला त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २००४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव करून सगळ्या देशांवर अशी बंधनं टाकली होती. आणि तो ठराव आला त्यामागे एक कारखाना आहे, त्याची गोष्ट मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो.

ऑक्टोबर २००३. बीबीसी चायना नावाचं मालवाहू जहाज दुबईहून लिबियाकडे निघालं होतं. ते वाटेत इटलीच्या तारांतो बंदरात वळवून घेतलं गेलं. त्यातल्या कंटेनरमध्ये युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे हजारो सुटे भाग निघाले. भाग मलेशियात, शाह आलमच्या एका प्रिसिजन वर्कशॉपमध्ये बनले होते आणि लाकडी खोक्यांवर त्या वर्कशॉपचं नाव तसंच होतं. लपवायचं काही आहे याची कल्पना असती तर नाव ठेवलं असतं का? त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला वाटलं तेल आणि वायू उद्योगाचं काम आहे. ऑर्डर दुबईतल्या मध्यस्थामार्फत आलेली. कामावर देखरेखीला एक युरोपीय सल्लागार बसवलेला. भाग तयार झाला की ड्रॉइंग तो परत घेऊन जायचा, गुप्ततेच्या नावाखाली. मागे पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांचं जाळं होतं. त्याच वर्षी १९ डिसेंबरला लिबियाने आपला कार्यक्रम सोडत असल्याचं जाहीर केलं.

आता ते वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. चांगल्या टर्निंग मशीन, चांगले ऑपरेटर, अॅल्युमिनियमचे दंडगोल, मायक्रॉनमधला टॉलरन्स, वेळेवर पैसे. भोसरीत अशी शेकडो युनिट आहेत. कुणी वाईट माणूस नसतानाही हे घडू शकतं, म्हणून मी ही गोष्ट सांगतो.

तिथे विचारायला हवा होता तो प्रश्न तुमच्या धंद्यात तर रोजचाच आहे. व्हॉल्व्ह विकणारा माणूस पहिल्यांदा काय विचारतो? ‘सर्व्हिस काय? मीडिया काय? टेंपरेचर, प्रेशर?’ क्लोरीन आहे की हायड्रोक्लोरिक, की नुसतं पाणी, हे कळल्याशिवाय लायनिंग, सीट, ग्लँड काहीच ठरत नाही. खरा प्रोसेस इंजिनिअर हे पहिल्या मेलमध्येच लिहितो, डेटाशीट जोडतो, वर दोन गोष्टी जास्तच विचारतो. तुमच्या इन्क्वायरीत साइज आहे, नग आहेत, पण मीडियाच्या रकान्यात फक्त ‘केमिकल’ लिहिलंय. माझ्यासाठी हे आगाऊ पैशांपेक्षा मोठं चिन्ह आहे. याच जातीची आणखी काही चिन्हं मी पाहिली आहेत. ‘नेमप्लेट लावू नका’. ‘टेस्ट सर्टिफिकेटवर तुमचं नाव नको’. ‘कमिशनिंगला माणूस नको, वॉरंटी नको’. वापरणाऱ्याच्या देशात बंदर असताना माल तिसऱ्याच देशाच्या गोदामात उतरवायला सांगणं. आणि सर्वांत मजेशीर, भावात घासाघीस न करणं. ट्रेडर आणि घासाघीस नाही? अठ्ठावीस वर्षांत मला असा सरळ माणूस दोनदाच भेटला.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे, तंत्रज्ञानाकडे. शॉप फ्लोअरवर जे सगळ्यात जास्त दिसतं त्यापासून सुरू करतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी चाकणच्या एका ओळखीच्या कारखान्यातून सोमवारी सकाळी फोन आला. शनिवारी-रविवारी हायड्रा क्रेन लावून त्यांनी पाच अक्षांचं मशीनिंग सेंटर जुन्या शेडमधून नव्या शेडमध्ये हलवलं होतं, जेमतेम साठ फुटांवर. लेव्हलिंग झालं, वायरिंग झालं, आणि स्क्रीनवर एक ओळ येऊन मशीन गप्प. कंट्रोलर बिघडला असं समजून त्यांनी आधी इलेक्ट्रिशियन बोलावला होता. बिघडलं काहीच नव्हतं. मशीनच्या पोटात जागा बदल ओळखणारं साधन असतं. मशीन उचललं, हललं की ते कुलूप लावतं, आणि ते कुलूप उत्पादकाच्या माणसाने येऊन, नवा पत्ता नोंदवून, कोड टाकल्याशिवाय उघडत नाही. जपानी बनावटीच्या उच्च अचूकतेच्या मशीनवर हे सर्रास असतं. मालकाला मी म्हटलं, खरेदीच्या वेळी सही केलेला कागद काढा. त्यात लिहिलेलं होतं, की मशीन हलवण्याआधी कळवू. कुणी वाचलं नव्हतं. चार दिवस मशीन बंद, ऑर्डर अडकलेली, मालक माझ्यावरच चिडलेला.

जपान इतका का धास्तावलेला? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका मोठ्या समूहाच्या मशीन टूल कंपनीने सोव्हिएत युनियनला पाणबुडीचे पंखे कोरता येतील अशी बहुअक्षीय मशीन विकली, आणि परवान्याच्या अर्जात ती साधी, कमी अक्षांची म्हणून दाखवली. कंट्रोलर नॉर्वेचे होते. नीट कोरलेला पंखा पाण्यात कमी आवाज करतो, म्हणजे पाणबुडी ऐकू येत नाही. १९८७ साली प्रकरण फुटलं तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेबाहेरच्या हिरवळीवर त्या ब्रँडचा रेडिओ घणाने फोडला होता. आजही मशीनच्या नियंत्रणाच्या रेषा तशाच आखलेल्या आहेत. किती अक्ष एकाच वेळी चालतात, आणि पोझिशनिंगची अचूकता किती. अणुपुरवठादार देशांच्या यादीत मिलिंग मशीनसाठी सहा मायक्रॉनपेक्षा बारीक अचूकता किंवा एकत्र चालणारे पाच अक्ष म्हणजे नियंत्रित. आपल्या औद्योगिक पट्ट्यात अशी मशीन आता नवलाईची राहिलेली नाहीत. ती सेकंडहँड विकतानाही हा प्रश्न येतो, हे लक्षात ठेवा. बाहेरदेशी विकायचं मशीन जुनं झालं म्हणून यादीतून सुटत नाही.

मला व्यक्तिशः या कुलपाचं कौतुक आहे. उपग्रह वगैरे नंतर बघतील, हे साधन मशीनच्या आतच बसलेलं आहे.

दुसरं तंत्रज्ञान त्याहून साधं दिसतं. एक कापडाचा तुकडा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक सुती कापडाने भिंत, टेबल, पंख्याची पाती पुसतात आणि ते दुहेरी पिशवीत बंद करतात. व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत आणि इतर देशांतल्या संलग्न प्रयोगशाळांमध्ये त्यातले मायक्रॉनच्या आकाराचे कण एकेक करून तपासतात. युरेनियम निसर्गातलं की समृद्ध केलेलं, आणि केलेलं तर किती, हे त्या एका कणातून कळतं. २००३ साली तेहरानच्या कालाये इलेक्ट्रिक या जागेत निरीक्षकांना प्रवेश मिळेपर्यंत आतलं बरंच बदलून, नव्याने रंगरंगोटी करून झालं होतं. तरी अतिसमृद्ध युरेनियमचे कण सापडले. इराणने सांगितलं, हे आम्ही केलेलं नाही, बाहेरून आणलेल्या जुन्या भागांवर चिकटून आलं. पुढच्या तपासात ते स्पष्टीकरण बऱ्याच अंशी पटलं, पण त्यामुळे भाग कुठून आले हे उघड झालं. माग पुन्हा खान यांच्याच जाळ्यापर्यंत. धुळीला विचारला एक प्रश्न, आणि तिने दुसऱ्याचंही उत्तर दिलं.

पालघर जिल्ह्यात तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या आणि त्या सुरुवातीपासून आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आहेत. सील, कॅमेरे, निरीक्षक, सगळं. त्याच आवारातल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या त्या देखरेखीखाली नाहीत. देशाच्या अणुकार्यक्रमाचं देखरेखीतला आणि देखरेखीबाहेरचा असं वाटप कुंपणाच्या आत कसं दिसतं, त्याचा हा आपल्या घराजवळचा नमुना.

उपग्रहांवर फार लिहीत नाही, वर्तमानपत्रांत भरपूर येतं. एवढंच, की पूर्वी हे डोळे फक्त सरकारांकडे होते. २००२ च्या डिसेंबरमध्ये इराणमधल्या नतान्झ अणुकेंद्राची विकत मिळणारी उपग्रहचित्रं एका अमेरिकी अभ्यासगटाने प्रसिद्ध केली, आणि २०२१ मध्ये विद्यापीठातल्या संशोधकांनी चीनच्या युमेनजवळ क्षेपणास्त्रं ठेवायच्या नव्या भूमिगत विहिरींचा मोठा समूह शोधून काढला. भूमिगत अणुचाचणी पकडणारं भूकंपमापक आणि किरणोत्सारी वायू मोजणारं जाळंही आहे. २००६ मध्ये उत्तर कोरियाच्या पहिल्या चाचणीनंतर दोनेक आठवड्यांनी कॅनडातल्या येलोनाइफला झेनॉन या वायूचा माग लागला होता. भारताने चाचणीबंदी करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्या जाळ्याचं एकही स्टेशन आपल्याकडे नाही.

हे सगळं पकडतं, पण उशिरा. कारखाना उभा राहिल्यावर, चाचणी झाल्यावर. व्हॉल्व्ह निघतानाच पकडायचा तर बंदर, बँक आणि तुमचं टेबल या तीनच जागा उरतात.

बंदराचं उदाहरण अगदी आपल्या दारातलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये न्हावा शेवाला कराचीकडे निघालेल्या एका जहाजावरून इटालियन बनावटीचं सीएनसी मशीन असलेला माल कस्टम्सने उतरवून घेतला. डीआरडीओच्या पथकाने तपासून सांगितलं, की ते पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात वापरता येऊ शकतं. पाकिस्तानने म्हटलं, हे कराचीच्या खासगी कंपनीचं साधं लेथ आहे. मशीन कशाचं, यावर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ वाद घालू शकतात. माझं लक्ष मात्र कागदांवर गेलं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीवर, पाठवणारा आणि घेणारा यांची जी नावं होती ती खऱ्या पाठवणाऱ्या-घेणाऱ्याची नव्हती, असं आपल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, आणि त्या खऱ्या घेणाऱ्याच्या नावाचा माल २०२२ मध्ये याच बंदरात अडवला गेला होता. २०२० साली कांडल्याला अडवलेल्या जहाजावर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवणारी भट्टी, होता आणि कागदावर तो औद्योगिक ड्रायर होता. १९९९ मध्ये त्याच कांडल्याला उत्तर कोरियाच्या कु वोल सान जहाजावर क्षेपणास्त्रांचे भाग मिळाले होते, त्याही खोक्यांवर पाणी शुद्धीकरणाचं नाव होतं. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत युक्ती तीच. बदललं एवढंच, की आता जहाजाचा प्रवास, मालकी, जुन्या खेपा हे सगळं एकमेकांशी ताडून बघायची साधनं आली आहेत.

आणि इथे तुमचा एआयवाला येतो. त्याला धुडकावू नका, पण त्याच्याकडून नेमकं काय मिळणार हे समजून घ्या. ही सॉफ्टवेअर दोन गोष्टी करतात. नावं प्रतिबंधित याद्यांशी जुळवतात, आणि चांगली असतील तर पत्ता, संचालक, मालकी, कंपनीचं वय यांचे धागे जोडतात. पहिल्या कामात आपल्या भागातली नावं त्यांना फार त्रास देतात. महंमद हे एकच नाव रोमन लिपीत डझनभर तऱ्हांनी लिहितात. एका ग्राहकाकडे पहिल्या दिवशी अशा सॉफ्टवेअरने आखाती देशातले त्यांचे जवळपास सगळेच जुने गिऱ्हाईक लाल केले होते. दुसऱ्या आठवड्यापासून पोराने लाल दिसलं की न वाचता ‘ठीक’ दाबायला सुरुवात केली, आणि मग सॉफ्टवेअर असून नसल्यासारखं. दुसरं काम मात्र उपयोगाचं. तीन महिन्यांपूर्वी नोंदलेली कंपनी, तिच्याच पत्त्यावर आणखी चाळीस कंपन्या, कालपर्यंत खजूर विकत होती आणि आज केमिकल व्हॉल्व्ह मागते, हे माणसाला शोधायला दोन दिवस लागतात. तुमच्या आकाराच्या कारखान्याला आज वर्गणी भरायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांची यादी, अमेरिकेची एकत्रित शोधयादी, जपानच्या वाणिज्य खात्याची परदेशी वापरकर्त्यांची यादी, सगळं फुकट उघडतं. चहा संपेपर्यंत बघून होतं.

एआयची उलटी बाजूही आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका औषधशोध कंपनीने आपल्याच संगणकाला उलट दिशेने चालवून बघितलं, तर सहा तासांच्या आत त्याने चाळीस हजार विषारी रेणू सुचवले, त्यात व्हीएक्स हे मज्जासंस्थेवर घाला घालणारं युद्धरसायनही होतं. मथळे भयंकर आले. पण सुचलेला रेणू हातात यायला शेवटी रिअॅक्टर लागतो, पंप लागतो, आणि आम्लाला टिकणारा व्हॉल्व्ह लागतो. संगणकाचा धोका जितका वाढेल तितकी तुमच्यासारख्यांच्या डिस्पॅच रजिस्टरची किंमत वाढणार, असं माझं मत आहे.

बँकेचं थोडक्यात. २००५ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि अशा शस्त्रांच्या कामाला पैसा पुरवणंही बंदीखाली आलं. तेव्हापासून बँका जास्त विचारतात. अमेरिकेची निर्बंधयादी हा भारताचा कायदा नाही, हे बरोबर. पण डॉलरमधलं पेमेंट त्यांच्याच बँकांमधून फिरून येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाला माल पुरवल्याच्या कारणावरून अमेरिकेने भारतातल्या डझनभराहून अधिक कंपन्या यादीत टाकल्या. त्या बरोबर की चूक हा वेगळा वाद, पण यादीत गेल्यावर डॉलरचा व्यवहार अवघड होतो हे नक्की.

आणि आता तुमच्या वैतागातला जो खरा भाग आहे, त्याबद्दल. हे नियम न्याय्य आहेत का? पूर्णपणे नाहीत. अणुपुरवठादार देशांचा गट जन्मालाच आला १९७४ च्या पोखरणनंतर, आपल्याला अडवायला. २००८ मध्ये आपल्याला सूट मिळाली, सदस्यत्व अजून नाही. १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेच्या यादीत आपल्या संस्थांची रांग लागली, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव निघायला २०२५ चा जानेवारी उजाडला. मी डिस्पॅचला असताना साधा आयात प्रेशर गेज मागवला तरी ‘अणुकार्यक्रमात वापरणार नाही’ असं लिहून द्यावं लागायचं, आणि आमचा जुना स्टोअरकीपर प्रत्येक वेळी मोठ्याने हसायचा. १९८०च्या दशकात मागितलेला ताकदवान क्रे सुपरकॉम्प्युटर अमेरिकेने नाकारला आणि हवामानासाठी म्हणून कमी ताकदीचा दिला, तोही अटींवर. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा आपला सुपरकॉम्प्युटर आला. म्हणजे नकाराने थांबत नाही, उशीर होतो. पण हा उशीर कुणाचा, यावर सगळं आहे. आपल्याला उशीर झाला तेव्हा आपण चिडलो. खान यांच्या जाळ्याला उशीर झाला असता तर आपण आज जास्त निवांत झोपलो असतो.

व्यवस्थेला भगदाडंही पडताहेत. उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर लक्ष ठेवणारं संयुक्त राष्ट्रांचं तज्ज्ञमंडळ २००९ पासून दरवर्षी जहाजं, कंपन्या, बँका नावानिशी बाहेर काढत होतं. रशियाच्या नकाराधिकारामुळे त्याची मुदत ३० एप्रिल २०२४ ला संपली. त्या अहवालांवर माझ्यासारखे कितीतरी लोक काम करायचे. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अकरा देशांनी मिळून स्वतःचं पथक काढलं, पण त्याच्यामागे सुरक्षा परिषद नाही. तंत्रज्ञान सुधारत असताना नियमांमागची एकी विरते आहे, आणि मला तंत्रज्ञानापेक्षा याची जास्त काळजी वाटते.

बरं, उद्या सकाळी काय करायचं ते. ड्रॉइंग अजून पाठवू नका, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. नियंत्रित मालाच्या डिझाइनचं तंत्रज्ञान ईमेलने गेलं तरी ती निर्यातच. आगाऊ रक्कम घेऊ नका, परफॉर्मा इन्व्हॉइस काढू नका. ट्रेडरला नम्र मेल करा: आमच्या डेटाशीटप्रमाणे मीडिया, त्याचं प्रमाण, कमाल तापमान आणि दाब कळवावं, प्रत्यक्ष वापरणाऱ्या कारखान्याचं नाव, पत्ता आणि तिथल्या इंजिनिअरचा कंपनीच्या डोमेनवरचा मेल द्यावा, हा माल भारतात परवान्याखाली येतो म्हणून सोबतच्या नमुन्यात वापराचं प्रमाणपत्र लागेल. रागाचा किंवा संशयाचा सूर नको. खरा गिऱ्हाईक असेल तर त्याला यात अपमान वाटणार नाही, उलट तुम्हाला काम कळतं असं वाटेल. खुद्द माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत साधारण निम्मे या मेलनंतर गप्प झाले. बाकीच्यांपैकी बहुतेकांची कागदपत्रं आली आणि माल गेला. एकाने तर वापरणाऱ्या कारखान्यातल्या इंजिनिअरला थेट फोनवर जोडून दिलं, आणि तो माणूस निघाला मूळचा डोंबिवलीचा.

उत्तर आलं नाही तर इन्क्वायरी बंद करा, पण पुसून टाकू नका. तारीख, मेल, तुम्ही काय विचारलं, हे सगळं एका फाइलला लावा. याच नावाने किंवा याच साइजने दुसऱ्या कुणाची इन्क्वायरी सहा महिन्यांनी आली तर ती फाइल काढून बघायची आहे. अशी कागदपत्रं मी पाच वर्षं तरी ठेवायला सांगतो. आणि सीएचएला हे उत्तर वाचायला द्या, पण त्याच्यावर ओरडू नका. स्कोमेटच्या तिसऱ्या कॅटेगरीतल्या ‘३डी’ या उपविभागाची, म्हणजे हे व्हॉल्व्ह जिथे येतात त्या भागाची, प्रिंट काढून त्याच्या टेबलावर ठेवा.